नवव्या थांब्यानंतर

३ सप्टेंबर

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि आत्याने बळंबळं दिलेला मेंढीच्या दुधाच्या चीजचा अख्खा गोळा घेऊन बसमधून उतरले, तर या पावसाळी दोनोस्तिया शहरात चक्क ऊन. पान्चिके मला घ्यायला चालत आली होती. वय त्रेसष्ट, पण दोन्हींतली जड बॅग तिनेच उचलली. बंदरघराच्या संग्रहालयात तिकीटखिडकीवर तीच बसते आणि तिसऱ्या मजल्यावरची माझी खोलीही तिच्याच घरातली. जिना चढता चढता म्हणाली, माझ्याकडे भाडेकरू टिकत नाहीत, मी फार बोलते. आणि तुला खारवलेली अँचोवी मासळी आवडत नसेल तर आत्ताच सांग, परतीची बस चारला आहे. आवडते म्हटल्यावर लगेच बशी पुढे आली.

खिडकीतून खालचं बंदर दिसतं, धक्क्याला लागलेल्या होड्या दिसतात, आणि उजव्या हाताला उर्गुल टेकडीचा पाय.

अकरा वर्षं डोंगरातल्या ओन्यातीच्या रेडिओवर बातम्या, हवामान आणि निधनवार्ता वाचल्या. केंद्र बंद पडलं तेव्हा बाजारातल्या बायका हळहळून म्हणाल्या, आता आमचं मयत कोण सांगणार गं लिएर्नी! आता मयत नाही. आता देवमासे, सार्डिनी, जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या गल्ल्या. संग्रहालयाची फेरी, जुन्या शहराचे सतरा थांबे. प्रत्येक थांब्याची माहिती मी लिहायची आणि मीच बोलायची. पाहुणे हेडफोन लावून फिरणार आणि त्यांच्या कानात मी.

छत्तिसाव्या वर्षी नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे. नोंद असावी म्हणून लिहून ठेवते.

८ सप्टेंबर

माळ्यावरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं. संचालक आन्चोन गाल्दोना हातात लाल पेन घेऊन समोर. माणूस वाईट नाही, पण माझी वाक्यं तो अशी कापतो जशी पान्चिके माशाची डोकी कापते. म्हणतो, पर्यटकाला धीर नसतो, पहिल्या विशेषणाला तो खानावळीकडे बघायला लागतो. १८१३च्या आगीवर मी नऊ ओळी लिहिल्या होत्या, दोन उरल्या.

सगळ्यात हाल नवव्या थांब्याचे. टेकडीच्या मागच्या बाजूचा समुद्ररस्ता, जिथे लाटा कठड्यावर चढतात. तिथलं सगळंच उडवून त्याने एवढंच ठेवलं: “समोर खुला समुद्र. आता समुद्राकडे पाठ करा आणि उजवीकडच्या पायऱ्या चढा.” मी म्हटलं, एवढं चालून आलेल्या माणसाला हे ऐकवायचं? तो म्हणाला, तिथे समुद्र बोलतो, तू गप्प राहा.

संध्याकाळी पान्चिकेने माझी कड घेतली. ती आन्चोनच्या पाठीमागे त्याला ‘कात्री’ म्हणते.

१४ सप्टेंबर

आज उद्घाटन. पहिला पाहुणा इलारिओ: अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, विधुर, सुमारागा स्टेशनावर अडतीस वर्षं सिग्नल सांभाळलेला, आता लेकीकडे राहतो. दीड तासाच्या फेरीला त्याने तीन तास घेतले. परत येऊन मला शोधून काढलं आणि सांगितलं की चौथ्या थांब्यावर तुम्ही श्वास न घेता बोलता, ते तब्येतीला बरं नाही. मला माणूस फारच आवडला.

दुपारनंतर सिरिमिरी सुरू झाली, आमचा तो हट्टी बारीक पाऊस, आणि समुद्रावरून धुकं आलं. तेवढ्यात गास्तेइसचं एक जोडपं तणतणत परतलं. बाईंचं म्हणणं, नवव्या थांब्यावर तुमचा आवाज आम्हाला “अजून पुढे या, अजून थोडं पुढे” सांगत होता, आणि पुढे तर कठडा आणि खाली खडक! मी माफी मागितली. त्यांची हेडफोनची दोन्ही यंत्रं स्वतः ऐकली. काहीच चूक नाही. समुद्राकडे पाठ करा, पायऱ्या चढा.

पायऱ्या चुकल्या असतील.

१९ सप्टेंबर

पाच दिवसांत सात तक्रारी. सगळ्या नवव्या थांब्याच्या. चाळीसच्या चाळीस यंत्रं एकेक करून ऐकली. माझंच वाक्य चाळीस वेळा! कान किटले. एरेन्तेरियाहून तंत्रज्ञ आला, त्याने वायरी ओढल्या, खांदे उडवले आणि ‘दमट हवा’ असं निदान करून गेला. दोनोस्तियात दमट हवा! काय शोध लावला.

आन्चोनला वाटतं मी वचपा काढतेय. त्याने माझं लिखाण कापलं, म्हणून मी गुपचूप जादा वाक्य घातलं. मी म्हटलं, मला सूड घ्यायचा असता तर नऊ ओळींचा घेतला असता. त्याला हसू आलं नाही. वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून घेतलं. आठव्या वेळी घसा बसल्यासारखा झाला.

संध्याकाळी तारखा लावून बघितल्या. सातही तक्रारी धुक्याच्या वेळच्या. आन्चोनला दाखवलं. तो म्हणाला, छान, आता धुक्यावर खटला भर.

२३ सप्टेंबर

आज धुकं होतं, म्हणून मुद्दाम यंत्र घेऊन गेले.

सकाळचे अकरा. नवव्या थांब्यावर मी एकटी. बटण दाबलं. माझं वाक्य नीट आलं, पायऱ्या चढा. त्यानंतर रेकॉर्डिंग संपायला हवं. संपलं नाही. कुणीतरी श्वास घेतला. मग माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात: “ये. अजून थोडं पुढे. मी आहे. पाठ फिरवू नकोस.”

आवाज माझा, पण बोली माझी नाही. आम्ही डोंगरातली माणसं ‘ये’ म्हणतो ते वेगळं, आणि हे जुन्या बंदरातल्या बायकांचं, शेवट लांबवत नेलेलं, हाक मारल्यासारखं.

भानावर आले तेव्हा दोन्ही हात कठड्यावर होते आणि एक पाय खालच्या आडव्या दांडीवर. पाय मी कधी ठेवला, आठवत नाही.

पान्चिकेला ती हाक जशीच्या तशी करून दाखवली. ती कांदा चिरत होती, सुरी थांबली. हे तुला कुणी शिकवलं, असं तिने विचारलं आणि सुरी बाजूला ठेवली.

मग सांगायला लागली. इंजिनं नव्हती तेव्हा धुक्यात होड्या अडकल्या की बंदरातल्या बायका धक्क्याच्या टोकाला उभ्या राहून आळीपाळीने हाका मारायच्या. आवाजाच्या रोखाने होड्या आत यायच्या. नियम एकच, हाक एकाच जागेवरून. एका दिवशी चिचिली नावाच्या बाईच्या नवऱ्याची होडी आली नाही. बाकीच्यांनी तिला धरून ठेवलं, पण ती सुटली आणि हाका मारत टेकडीच्या मागे गेली, अजून पुढे, अजून पुढे. दोन होड्या बंदराच्या तोंडाशी पोचलेल्या, त्या तिच्या आवाजामागे वळल्या. अकरा माणसं खडकांवर गेली. तिचा नवरा त्यांत नव्हता. तो सापडलाच नाही. त्यानंतर बंदरात तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही, एकवीस वर्षं, ती मरेपर्यंत. आणि ती मात्र धुकं पडलं की तिथेच जाऊन हाका मारायची. माझी आजी खिडक्या लावून घ्यायची, पान्चिके म्हणाली. चिचिली मेल्यावरसुद्धा.

मग तिने उरलेला कांदा चिरला आणि माझ्यावर डाफरली, की असल्या गोष्टी विचारून जेवणाची चव घालवू नये.

२६ सप्टेंबर

आन्चोनला सगळं सांगितलं. निदान धुक्यात तरी नववा थांबा बंद ठेवा म्हटलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हे जास्त वाईट. म्हणाला, पुढच्या आठवड्यात दोन जहाजांचे पर्यटक येणार आहेत, आणि तू मला एका मेलेल्या कोळिणीसाठी फेरी बंद करायला सांगतेस? वर, खोकतेस किती, सुट्टी घे.

खोकला नाही हा. शब्दांची शेवटची अक्षरं निघतच नाहीत.

रविवार म्हणून बाबांचा फोन. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं म्हणजे दोन्हीकडून आरडाओरडा. आज मला ओरडताच येईना. ते सारखे म्हणत होते, पोरी, जरा मोठ्याने!

३० सप्टेंबर

इलारिओ रोज येतो. आज त्याने खुशीत सांगितलं की नवव्या थांब्यावर आता तुम्ही मला नावाने बोलावता, हे फार चांगलं केलंत.

मी त्याचं यंत्र काढून घेतलं. उद्यापासून येऊ नका, निदान धुक्यात नाही, असं घोगऱ्या आवाजात कसंबसं सांगितलं. त्याने हसण्यावारी नेलं. बाई, अडतीस वर्षं माझ्या एका हातावर गाड्या थांबल्या आहेत, मला कोण कुठे नेणार? मी यंत्र परत दिलं नाही, तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. म्हणाला, घरी कुणी माझ्याशी बोलत नाही हो. टोपी घालून गेला.

आन्चोनने हे पाहिलं. पाहुण्यांशी उद्धटपणा केल्याबद्दल मला लेखी समज.

२ ऑक्टोबर

इलारिओ गेला.

मी सकाळी दवाखान्यात होते. आन्चोनने त्याला स्वतःच्या हाताने यंत्र दिलं, वर माझ्या वतीने माफी मागितली. साडेअकराला तो खाली खडकांवर सापडला. धावायला आलेल्या एका बाईने पाहिलं. ती सांगते, तो घाईत नव्हता. टोपी काढून हातात घेतली, गाडीत चढावं तसा कठड्यावर पाय ठेवला आणि कुणाला तरी ‘आलो’ म्हणाला.

पोलिसांनी यंत्र ऐकलं. त्यात काय? समुद्राकडे पाठ करा. पायऱ्या चढा. मी म्हटलं, धुक्यात ऐका. कागदावर लिहून दिलं, कारण आवाज पुरला नाही. त्यातल्या तरुण बाईने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर थोपटलं. थोपटलं!

त्याची लेक आली होती. तिला मी काय सांगू.

५ ऑक्टोबर

सगळी यंत्रं पुसली. मूळ रेकॉर्डिंगही. आन्चोन येईपर्यंत चाळीस यंत्रं कोरी. तो ओरडला, मी ओरडू शकले नाही, म्हणून भांडण एकतर्फी झालं. नोकरी गेली. जाऊ दे.

घरी निघणार होते, तर पोलीस म्हणतात जबाबावर सही केल्याशिवाय शहर सोडू नका. सही कधी? बोलावू. काल बोलावलं, अधिकारी रजेवर. आज बोलावलं, कागद दुसऱ्या ठाण्यात. बाकावर दोन तास बसून परत.

डॉक्टर म्हणतात घशात काही नाही. एक महिना कुजबुजसुद्धा करायची नाही. तेव्हा ही वही आता दोन कामांना. पान्चिकेला काही सांगायचं ते यातच लिहून दाखवते. ती म्हणते, मिळाला एकदाचा मनासारखा भाडेकरू, मध्ये बोलतच नाही. मग वळून डोळे पुसले तिने.

८ ऑक्टोबर

दुपारी पडले होते. पान्चिके जिना चढून धापा टाकत आली. काय गं, मासळीच्या धक्क्यावरून सारखी हाका काय मारतेस, आणि मी आले तर पत्ता नाही!

मी वहीत लिहिलं: मी इथेच आहे. एकपासून.

ती खुर्चीत बसली. खिडकीबाहेर धुकं होतं.

यंत्रं पुसून काही उपयोग झाला नाही. चिचिलीला यंत्र नकोच होतं. आवाज हवा होता.

९ ऑक्टोबर

पाववाला म्हणाला, काल मस्त गात होतात. जाळी विणणारी बाई म्हणाली, हाक मारून गायब का होता? कुणाकुणाला लिहून दाखवू? लोक वही बघतात, मग माझ्याकडे बघतात. कीव येते त्यांना.

माझा आवाज सगळ्या बंदराला ऐकू येतो. मला सोडून.

आज मुद्दाम बोलून पाहिलं. नुसती हवा. घसा दुखतही नाही. रिकामा आहे.

१० ऑक्टोबर

पान्चिकेने मला न विचारता बाबांना फोन केला. ते उद्या गाडी घेऊन येतायत. मी वहीवर नको, नको, नको लिहिलं. बंदरात नको. बसस्टँडवर भेटू, सही गेली खड्ड्यात. तिने पुन्हा फोन लावला. त्यांना नीट ऐकू आलं नाही. हो हो म्हणाले, बंदरातच येतो, दहा वाजता.

मेसेज पाठवले. सहा. एकही उघडला नाही.

हवामान: उद्या निरभ्र. देवा, असू दे.

११ ऑक्टोबर

७.३०. ऊन आहे. बॅगा दाराशी. पान्चिकेने वाटेसाठी ऑम्लेट बांधून दिलं.

९.१०. बंदरासमोरचं सांता क्लारा बेट दिसेनासं झालं.

९.२५. धक्काही. पान्चिके खिडक्या लावत होती. मी लावू दिल्या नाहीत. गाडी दिसली पाहिजे.

पान्चिके, पुन्हा फोन लाव. सांग गाडीतच बसा. काचा वर करा.

पुन्हा लाव.

९.५०. बाबांचाच फोन. मी उचलला. तोंड उघडलं — काही नाही. नखाने फोनवर टकटक केलं. ते हसत होते. म्हणाले, पोहोचलो बघ, गाडी लावली. फोनवर तुझं काही येत नाहीये, पण बाहेर अगदी स्पष्ट येतंय! कितीतरी वर्षांनी इतकं स्पष्ट ऐकतोय गं. डॉक्टर काय सांगतात आवाज गेला म्हणून, मूर्ख आहेत. ओरडू नकोस आता, आलो, आलोच —

त्यांनी फोन ठेवला. आता उचलत नाहीत.

पान्चिके, चप्पल राहू दे — टेकडीच्या मागे, समुद्ररस्त्यावर — राखाडी कोट, उंच आहेत — तू ओरड, तुला आवाज आहे, बाबांचं नाव मार्त्सेल, जोरात ओरड, माझ्यापेक्षा जोरात — मी मागून येते, पातेलं वाजवत — ऐकू येतंय मला आता, खिडकीतून, मी म्हणतेय, ‘बाबा, अजून थोडं’ — पान्चिके, दाराकडे जा, त्या खिडकीपासून लांब हो, वाकू नकोस, ती मी नाही, मी तुझ्या मागे उभी आहे, इकडे बघ, वही बघ, पान्चिके, इकडे ब